पुन्हा येण्यासाठी येथे दाबा

आमची वेबसाईट नवी करायची असं ठरलं त्या दिवशीच मला भीती वाटली होती. ती भीती बरोबर होती, एवढं मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी मला बेसावध म्हणायला नको.

विजेला मी भीत नाही. हडपसरच्या गाडीतळावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझी हयात गेली. वीज सरळ असते, चुकीच्या ठिकाणी हात लावला की तिथल्या तिथे सांगते. वेबसाईट तसं सांगत नाही. ती आपली चूक मनात ठेवते आणि चारचौघांत काढते.

वेबसाईटचं नाव तारांगण. घरी रेडिओ, ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर उघडून बसणारी आणि मग ते बंद करता न येणारी जी मराठी माणसं आहेत, त्यांचा हा कट्टा. तारांचं अंगण म्हणून तारांगण. पण निम्म्या जगाला वाटतं की इथे ग्रहताऱ्यांचं काम चालतं. एकदा साताऱ्याच्या एका गृहस्थांनी मुलीला मंगळ आहे, काय करावं, असं विचारलं होतं. त्यावर वैजनाथरावांनी उत्तर दिलं, "मंगळाचं सांगता येत नाही. आधी फ्यूज तपासा."

वैजनाथराव ढगे म्हणजे तारांगणचे संस्थापक. मूळचे यवतमाळकडचे, टेलिफोन खात्यात नोकरी करून सदाशिव पेठेत स्थायिक झालेले. पेठेत इतकी वर्षं काढूनही चिडले की 'का' न म्हणता 'काहून' म्हणणारे. सुटे भाग घ्यायला ते माझ्या दुकानी येत. मी शाळेत गेलो नव्हतो. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या मला घडाघडा वाचता यायच्या, समोरच्या दुकानाची पाटी नाही. केस पिकायला लागल्यावर वैजनाथरावांनी मला काउंटरवर बसून बाराखडी शिकवली. क कपॅसिटरचा, ट ट्रान्झिस्टरचा, ड डायोडचा. त्यामुळे कमळ मला फार उशिरा भेटलं. आजही मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो आणि कोणी बघत असेल तर ते बोट खाजवायला लागल्यासारखं करतो.

तर ज्या कंपनीच्या संगणकावर आमची वेबसाईट राहायची, तिने कळवलं की तुमचं सगळं फार जुनं आहे, यापुढे आम्ही ते सांभाळणार नाही. जुनं होतं हे खरं. पिवळी पार्श्वभूमी, 'नवीन' हा शब्द लुकलुकणारा, आणि ती मराठी एका खास फॉन्टातली. तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी मुंग्या चालल्यासारखं काहीतरी दिसायचं. माझी सून उत्कर्षा खराडीला कंपनीत आहे. ती म्हणाली, "आण्णा, मी करते ना. वीकेंडला बसले की होईल. सगळं क्लीन आणि मॉडर्न."

ही परवानगी घ्यायला मी वैजनाथरावांकडे गेलो.

"चालू सर्किटला हात लावू नये, हे तुले मीच शिकवलं होतं," ते म्हणाले.

"चालू कुठं राहतंय? कंपनीच बंद करायला निघालीय."

"काहून पण? चाललं आहे ना बापा? मग माझ्यामागं करा काय करायचं ते."

मला राग आला. तीन वेळा समजावून झालं होतं. मी म्हणालो, "बरं, तसंच करतो," आणि चहा न घेता निघालो. त्यानंतर त्यांचा फोन नाही, माझा नाही. हे संभाषण लक्षात ठेवा. मी ते विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

उत्कर्षाने काम केलं आणि चाचणी म्हणून काही सभासदांना वेबसाईट दाखवली. पहिली प्रतिक्रिया अशी की पांढरं फार आहे. दुसरी अशी की एवढ्या मोकळ्या जागेचं काय करणार आहात, भाड्याने देणार का. तिसरी प्रतिक्रिया शनिवार पेठेतून राजवाडे यांची आली. राजवाडे स्वतःच्या घरातली बेलसुद्धा स्वतः बनवतात आणि ती वाजली तर दार उघडत नाहीत. त्यांनी मला फोन केला.

"संभाजीराव, आपली वेबसाईट मला 'तुझा पासवर्ड टाक' असं म्हणते. आमचा एकेरीवर येण्याइतका परिचय कधी झाला?"

चौकशी केली तेव्हा कळलं की इंग्रजी वाक्यांचं मराठी संगणकानेच करून टाकलं होतं, आणि संगणकाला अहो-जाहो शिकवलेलं नव्हतं. उत्कर्षा म्हणाली, "आण्णा, मला ऑफिसचं रिलीज आहे, वेळ नाही. सगळी वाक्यं तुमच्या फोनवर पाठवते, वर इंग्लिश, खाली मराठी. तेवढं रिस्पेक्टफुल करून द्या."

मला केवढा मोठा मान वाटला. ज्याने चाळिशीत बाराखडी गिरवली, त्याने पेठेतल्या लोकांसाठी मराठी लिहायचं. मी अंघोळ करून बसलो.

'तुझा पासवर्ड विसरलास?' याचं 'आपण पासवर्ड विसरलात का?' झालं, आणि खाली 'हरकत नाही' एवढं मी पदरचं घातलं. वेबसाईटचं दार उघडण्याच्या, म्हणजे लॉगिनच्या, जागी एक चौकोन होता, त्यापुढे 'मला लक्षात ठेव' असं होतं. ते 'मला आठवणीत ठेवा' केलं. मग एक वाक्य आलं आणि माझा हात थांबला.

'तुझी मुदत संपली आहे.'

हे काय बोलणं झालं? असं गुंड बोलतात, नाहीतर यम. नक्की काय म्हणायचं आहे ते बघावं म्हणून मी वरचं इंग्रजी वाचलं; ती अक्षरं सुट्या भागांवर बघून ओळखीची झाली होती. एकेक अक्षर जोडत गेलो तर शब्द निघाला, एक्स्पायर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा शब्द मला चांगला माहीत होता. आमच्या सोसायटीत कोणाचे वडील गेले की आता कोणी वारले म्हणत नाही. 'पप्पा एक्स्पायर झाले' असंच म्हणतात. म्हणजे एखादे सभासद गेले तर तसं दाखवायची ही सोय होती, आणि संगणकाने ती यमाच्या तोंडी घातली होती. उत्कर्षा कानाला हेडफोन लावून कोणाशीतरी बोलत होती. मी दारातून विचारलं, "एक्स्पायर म्हणजे जाणंच ना गं?"

तिने मान हलवून अंगठा दाखवला.

मग मी आदराने लिहिलं, 'हे सभासद कैलासवासी झाले आहेत.' पुढे आणखी एका ठिकाणी तोच शब्द प्रत्यक्ष त्या माणसाला उद्देशून होता. तिथे लिहिलं, 'आपण कैलासवासी झाला आहात.' त्याच्या खाली परत यायचं काहीतरी होतं, ते 'पुन्हा येण्यासाठी येथे दाबा' असं केलं. हे मला जरा चमत्कारिक वाटलं, नाही असं नाही. गेलेल्या माणसाला कळवून काय उपयोग, आणि परत येण्याची सोय कशासाठी? पण संगणक सगळ्या जगासाठी असतो, त्याला सगळ्यांच्या श्रद्धांचा विचार करावा लागत असेल, असं म्हणून मी पुढच्या वाक्याकडे वळलो.

जुन्या सभासदांनी ठरलेल्या दिवसापर्यंत नव्या वेबसाईटवर येऊन आपलं खातं चालू करून घ्यायचं होतं. बहुतेकांनी घेतलं. वैजनाथराव आले नाहीत. मी लिहून निरोप पाठवले, उत्तर नाही. मुदत टळली, आणि सकाळी उत्कर्षाने ऑफिसला जाण्याआधी बटण दाबून नवी वेबसाईट सगळ्यांसाठी उघडली. शकूने, म्हणजे आमच्या मंडळींनी, राउटरला हळदकुंकू लावलं. शेजारचे कचरूभाऊ नारळ घेऊन आले. तो राउटरसमोर फोडू नका, पाणी जाईल, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी फरशीचा एक कोपरा उडवला होता.

पेढा तोंडात असतानाच फोन वाजला. कोल्हापूरचे एक सभासद होते, आवाज भरून आलेला.

"आण्णा, फार वाईट झालं. कळवलंपण नाहीत."

"काय झालं?"

"वैजनाथराव गेले की."

मी वेबसाईट उघडली. पहिल्याच पानावर संस्थापक म्हणून वैजनाथरावांचा फोटो, आणि फोटोखाली, 'हे सभासद कैलासवासी झाले आहेत.' बाजूला चौकोनापुढे, 'मला आठवणीत ठेवा.'

तुम्ही म्हणाल, वाक्य तुमचंच होतं, मग घाबरलात कशाला. पण मी वाक्य लिहिलं होतं, त्यांचं नाव नव्हतं लिहिलं. नाव संगणकाने लावलं होतं. टेलिफोन खात्याचे निवृत्त गृहस्थ, आधार कार्ड जोडलेलं, पेन्शन जोडलेलं. संगणकाला आपल्याआधी कळत असेल तर? मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. आणि मला त्यांचं वाक्य ऐकू यायला लागलं, 'माझ्यामागं करा काय करायचं ते.' आणि माझं, 'बरं, तसंच करतो.' आणि मी खरंच तसंच केलं होतं. वेबसाईट उघडली आणि ते गेले.

"फोन बंद हाय म्हंजी बॅटरी गेली आसंल," शकू म्हणाली. "लगीच माणूस कशाला जातंय?"

कचरूभाऊ मात्र खुर्ची ओढून बसले. अशा वेळी बसून बोलायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे. "गेले आसतील तर प्रश्नच न्हाय," ते म्हणाले. "पर जित्ते आसतील तर आवघड हाय. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलं, तर साहेब म्हणणार, नेटवर तर येगळंच लिव्हलंय. पेन्शन बंद. मग ह्यांनी सिद्ध करत बसायचं की मी हाय. आन लिव्हलं कुणी? संभाजीनं."

"मग काय करू?"

"जाऊन बघ. आन जाताना हार घेऊ नको. घरी नसले तर मंग तिथंबी घेता येतो."

बसमध्ये बसलो. रामटेकडीला गाडी अडकली, फातिमानगरला परत अडकली. तेवढ्या वेळात तारांगणवर लोक धडाधड लिहीत होते. मी बोट ठेवून वाचत होतो आणि शेजारचा माणूस माझ्या फोनमध्ये वाकून बघत माझ्याकडे सहानुभूतीने सरकत होता. 'मराठी इलेक्ट्रॉनिक्सचा दीपस्तंभ विझला.' 'त्यांनी सांगितलेला ट्रान्सफॉर्मर अजून गुणगुणतो आहे.' एकाने लिहिलं होतं, 'त्यांना दिलेलं माझं मीटर आता कोणाकडे मागावं?' मी मात्र काही लिहिलं नाही. चौकोन उघडून ठेवला होता, बोटही ठेवलं होतं. पण वाटलं, दुसऱ्यांनी लिहिलं ते लिहिलं, मी लिहिलं की ते खरं होईल.

पुलगेटला राजवाड्यांचा फोन आला.

"संभाजीराव, एक शंका होती. मी चहा करायला उठलो, परत येऊन बसलो, तर आपली वेबसाईट मला म्हणते, आपण कैलासवासी झाला आहात. आदराने म्हणते, त्याबद्दल आभार. फक्त चहा कोणी घेतला, तेवढं कळवा."

मी गाडीत बसल्या जागी उभा राहिलो. उत्कर्षाला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, पण माझा आवाज ऐकून बाहेर आली.

"एक्स्पायर?" ती म्हणाली. "आण्णा, एक्स्पायर म्हणजे मुदत संपणं. औषधाची संपते तशी. थोडा वेळ कोणी काही केलं नाही की वेबसाईट आपोआप बाहेर काढते, तेव्हा तो मेसेज येतो. आणि ज्यांनी खातं चालू केलं नाही त्यांच्या नावाखाली दुसरा. तुम्ही काय लिहिलंत?"

मी सांगितलं. तिने ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

"मग वैजनाथरावांच्या नावाखालचं आत्ता काढून टाक," मी म्हणालो.

"वाक्य मी संध्याकाळी घरी आले की बदलते, इथून नाही होणार. आणि त्यांचं खातं त्यांनाच चालू करावं लागेल. त्यांच्या फोनवर एक नंबर येतो, तो त्यांनीच टाकायचा. दुसऱ्या कोणाला नाही करता येत, सिक्युरिटी आहे."

म्हणजे ज्याला गेला म्हटलं आहे, त्यानेच येऊन सांगायचं की मी आहे. कचरूभाऊंना हे कसं आधीच कळतं कोण जाणे.

चूक माझी होती हे आता कळलं होतं. खरं तर भीती जायला हवी होती. पण वैजनाथरावांचा फोन बंद का होता, याचा उलगडा त्यातून होत नव्हता. उलट आता जास्त भीती वाटायला लागली. नुसतेच गेले असते तर वयाने गेले असते. पण समजा त्यांनी सकाळी उठून उत्सुकतेने नवी वेबसाईट उघडली असेल, आपल्याच फोटोखाली ते वाक्य वाचलं असेल, आणि छातीत कळ आली असेल? मग ते माझ्या मराठीने गेले असते. त्यांनीच शिकवलेल्या मराठीने.

स्वारगेटहून रिक्षा केली. वैजनाथराव राहतात त्या इमारतीच्या जिन्यात त्यांच्या शेजारच्या विमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. वर त्यांच्या दाराला कुलूप दिसत होतं.

"वैजनाथराव?" मी विचारलं.

"नेलं त्यांना," विमलाबाई म्हणाल्या आणि एक काडी बाजूला टाकली.

मी कठडा धरला. "कधी?"

"सकाळीच. पांढरे कपडे घालून."

"घरातलं कोणी?"

"मुलगा दुबईला, त्याला कशाला त्रास, म्हणाले. मी म्हटलं, अहो, ही काय एकट्याने जायची गोष्ट आहे का? तर मला म्हणतात, विमलाबाई, इथून सगळे एकटेच जातात."

मी पायरीवर बसलो. विमलाबाईंनी मेथीची जुडी सोडवली, दोरा बोटाला गुंडाळला, आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला काय झालं? पाणी देऊ का?"

"शेवटी... काही बोलले का?"

"शेवटी कसलं? दुपारी येतील की. मोतीबिंदू काढलाय काल, आज पट्टी बघायला दवाखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला. हा काय, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना. तुम्ही हडपसरचे संभाजी का? तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. रुसलेत."

मी तिथून धावलो. माझ्या वयाचा माणूस सदाशिव पेठेत धावला तर लोक रस्ता देत नाहीत, का धावता असं विचारतात. दोघांनी विचारलं.

दवाखान्याच्या बाकावर वैजनाथराव बसले होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, उजव्या डोळ्यावर मोठी पट्टी. दुसऱ्या डोळ्याचं काम पुढच्या महिन्यात होतं, त्यामुळे त्यालाही फारसं दिसत नव्हतं. हातातल्या पिशवीत चष्मा आणि बंद केलेला फोन. मी समोर उभा राहिलो.

"कोण आहे?" ते म्हणाले. मग वास घेतल्यासारखं केलं. "सोल्डरिंगचा वास येते. संभाजी का?"

"हां."

"काहून आला? वेबसाईट झाली ना नवी?"

"झाली."

"मग? काय म्हणतात लोक?"

हा प्रश्न असा होता की त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. एक्स्पायर सांगितलं, कैलासवासी सांगितलं, राजवाड्यांचा चहा सांगितला. त्यांचा चेहरा पट्टीमुळे निम्माच दिसत होता आणि त्या निम्म्यावरून काही कळत नव्हतं.

"म्हणजे लोकांनी लिहिलं आहे माझ्यावर?"

"पुष्कळ."

"वाच."

"इथं?"

"मले दिसत नाही. तू वाच."

मी फोन काढला आणि बोट ठेवून वाचायला लागलो. समोरच्या बाकावरचे पट्टीवाले लोकही ऐकू लागले. त्यांनाही दुसरा उद्योग नव्हता. दीपस्तंभ विझला यावर वैजनाथराव म्हणाले, "विझला नाही, लोडशेडिंग आहे." ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो यावर म्हणाले, "गुणगुणतो म्हणजे पट्ट्या सैल आहेत, त्याले आवळायला सांग." मीटरवाल्याच्या ओळीला मात्र त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मग हळूच म्हणाले, "ते माझ्या कपाटात आहे. देऊन टाकू."

मी थांबलो.

"आणि तुझं?"

"माझं काय?"

"तू काय लिहिलं? सगळ्यांनी लिहिलं. ज्याले मी ट ट्रान्झिस्टरचा शिकवला, त्यानं काय लिहिलं ते वाच."

"मी लिहिलं नाही."

"काहून?"

मी खोटं सांगणार होतो. वेळ झाला नाही म्हणून. पण समोरच्या बाकावरचे सगळे पट्टीवाले माझ्याकडे तोंड करून बसले होते. "भीती वाटली," मी म्हणालो. "मी लिहिलं तर खरं व्हायचं."

वैजनाथरावांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. आत कोणाच्यातरी डोळ्यात औषध घातलं जात होतं आणि तो माणूस आपल्या आईला हाक मारत होता.

"आता लिही," ते म्हणाले. "मले दिसत नाही, तवा ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू सांभाळ."

मी चौकोनावर बोट टेकवलं. माझं लिहिणं सावकाश असतं. शब्द शोधतो, मग त्याची अक्षरं शोधतो, मग ती फोनवर कुठे आहेत ते शोधतो. दीपस्तंभासारखं काहीतरी सुचावं म्हणून थांबलो, पण सुचलं नाही. वेळ गेला. शेवटी जे होतं तेच लिहिलं, आणि त्यांना वाचून दाखवलं.

"'वैजनाथराव आहेत. फोन बंद ठेवतात, पण आहेत.'"

"'आहेत' दोनदा आलं," ते म्हणाले.

"राहू दे का एक काढू?"

"राहू दे."

मी पाठवायचं बटण दाबलं. पान पांढरं झालं. उत्कर्षाने ठेवलेली ती सगळी मोकळी जागा माझ्यासमोर पसरली, आणि तिच्या मधोमध अक्षरं उमटली. मी बघतच राहिलो. लिहायला लावलेल्या वेळात वेबसाईटचा धीर सुटला होता.

"काय झालं?" वैजनाथरावांनी विचारलं. "गेलं का?"

"मी गेलो," मी म्हणालो, आणि बोट ठेवून वाचलं. "'आपण कैलासवासी झाला आहात. पुन्हा येण्यासाठी येथे दाबा.'"

ते हसायला लागले. हसू नका, टाका नसला तरी डोळ्यावर ताण येईल, असं आतून बाई ओरडल्या, तेव्हा त्यांनी पट्टीवर तळहात धरला आणि तसेच हसत राहिले. मग पिशवीत चाचपून आपला बंद फोन काढला, आणि माझा हात शोधून त्यात ठेवला.

"दाब," ते म्हणाले. "आणि येताना मलेही घेऊन ये."